आयला समुद्र दाखवला तेव्हा

आयच्या दुसऱ्या डोळ्याची पट्टी निघाली त्या दिवशी माझ्या लेकीनं तिला विचारलं, "आजी, आता नीट दिसतंय ना? मग सांग, काय बघायचंय तुला?"

मला वाटलं, आय म्हणेल बिरोबाला जाऊ. नाहीतर म्हणेल, गप गावाकडं सोडा, मेंढरं वाट बघत असतील. ती आमच्या जुळे सोलापूरच्या फ्लॅटमध्ये मोतीबिंदूच्या ऑपरेशनपुरतीच आली होती आणि पहिल्या दिवसापासून तिचा जीव माघारी लागला होता.

आय म्हणाली, "समींदर."

"समुद्र?"

"व्हय. टीव्हीत बघितलाय की. पण येवढं पानी एका जागी कसं काय ऱ्हातंय, त्ये बघायचं हाय."

आयचा सगळा जन्म सांगोल्याकडच्या माळावर मेंढरांमागं गेला. पावसाळा सरला की कळप घेऊन पाण्याच्या वाटेनं निघायचं, एक ओढा आटला की दुसरा शोधायचा. आमच्या घरात पाणी हे नेहमी कुठंतरी लांब असायचं आणि तिथं चालत जावं लागायचं. त्यामुळं तिचं बोलणं ऐकून मला हसू आलं नाही.

माझा नवरा मात्र अडून बसला. त्याला रजा नव्हती, आणि आम्ही तिघींनी एकटं जाणं त्याला पटत नव्हतं. "तिघींपैकी एकीला तरी पोहता येतं का?" तो म्हणाला. कुणालाच येत नव्हतं. आम्ही पोहायचं कुठं शिकणार? शेवटी लेकीनंच तोडगा काढला. ती कॉलेजात प्राणिशास्त्र शिकते. मालवणच्या बाजूला एक नवरा-बायको आपल्या घरात पाहुणे ठेवतात आणि स्वतःच्या बोटीतून डॉल्फिन दाखवतात, हे तिला मैत्रिणीकडून कळलं होतं. "नुसतं किनाऱ्यावर बसायचं," नवऱ्याला मी सांगितलं. ते खरं नव्हतं, हे त्यालाही कळत होतं.

डोळ्याच्या डॉक्टरांनी हो म्हटल्यावर निघालो. एसटीनं कोल्हापूर, तिथून पुढं घाट उतरून आम्ही पोचलो. घराच्या मागं नारळाची वाडी, आणि वाडी संपली की थेट वाळू. आय चपला हातात घेऊन पुढं गेली. पाणी पायाला लागलं तशी थांबली. मग वाकून ओंजळभर पाणी घेतलं, तोंडाला लावलं आणि थुंकलं.

"खारट हाय गं!"

"समुद्राचं पाणी खारटच असतं, आजी."

"आयकलं व्हतं. पर येवढं सगळं खारट?" तिच्या चेहऱ्यावर फसवणूक झाल्यासारखा राग होता. "आन मग जितराब काय पितंय हितं?"

घरच्या वहिनी मागं उभ्या होत्या. त्या मोठ्यानं हसल्या, आणि तिथून त्यांची आणि आयची गट्टी जमली. वहिनी चाळिशीच्या, अंगानं बारीक, पण बोट वाळूवरून ढकलताना नवऱ्याच्या बरोबरीनं जोर लावणाऱ्या. त्यांचा नवरा, आम्ही त्याला दादा म्हणायला लागलो, फार कमी बोलायचा. आमच्याशी बोलताना तो शाळेतली मराठी बोले, बायकोशी मात्र मालवणी.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. बोट फायबरची, आमच्या हॉलपेक्षा थोडी लांब. मशीन बोटीच्या पोटात, आणि त्याला जोडलेला पंखा मागं खाली पाण्यात. केशरी जॅकेट आयच्या लुगड्यावर नीट बसेना. पट्टा पुरेना. वहिनींनी दोरीचा तुकडा घेऊन तो पुढं बांधून टाकला. आय म्हणाली, "बैलाला झूल घातल्यागत झालं की."

मी मधल्या फळीवर बसले आणि दोन्ही हातांनी कड धरली. मी वीस-पंचवीस वर्षं दवाखान्यात नर्सचं काम करते. रक्त, किंकाळ्या, मृत्यू, सगळं बघितलंय. पण खाली जमीन नाही ही गोष्ट माझ्या पोटाला काही केल्या पटत नव्हती. बोट एका बाजूला कलली की मी कड आणखी आवळायचे. आय मात्र पुढच्या टोकाला ताठ बसली होती आणि नव्या डोळ्यांनी सगळं टिपत होती. एक कासव वर आलं, श्वास घेऊन गेलं. पांढऱ्या पोटाचा मोठा समुद्री गरुड आमच्यावरून खडकांकडं गेला. आय प्रत्येक वेळी हात करून दाखवायची, आम्हाला दिसायच्या आधी.

डॉल्फिन बरेच आत भेटले. करड्या पाठी, एकामागोमाग एक, निवांत. त्यात एक पिल्लू होतं, आईच्या अंगाला चिकटून, ती वर आली की वर, ती खाली गेली की खाली. आयनं ते बरोबर हेरलं. "बग, बग, कोकरू हाय त्येचं." त्या मोठ्या मादीच्या पाठीवर जुना पांढरा ओरखडा होता, त्यामुळं ती लगेच ओळखू यायची. दादा मशीन हळू करून त्यांच्या बाजूनं चालवत होता. लेक फोननं व्हिडिओ काढत होती. माझे हातसुद्धा कडेवरून थोडे सैल झाले.

तेवढ्यात खालून खरडल्यासारखा आवाज आला, बोटीला हिसका बसला आणि मशीन बंद पडलं.

दादानं दोनदा चालू करून बघितलं. मशीन गुरगुरायचं आणि थांबायचं. त्यानं मागं वाकून पाण्यात पाहिलं. निळ्या नायलॉनचा एक लोंबता पदर वर दिसत होता.

"काय झाला?" वहिनींनी विचारलं.

"जाळा गुतला पंख्यात."

कुणाचं तरी तुटून वाहत आलेलं जाळं होतं. आतापर्यंत वारा जमिनीवरून समुद्राकडं होता, तो उलटला होता. माझं तिकडं लक्षच नव्हतं. वहिनींचं होतं. त्यांनी एकदा किनाऱ्याकडं पाहिलं आणि लगेच उठून नांगर टाकला. किनारा म्हणजे वाळू नव्हे. आमच्या आणि गावाच्या मध्ये काळ्या खडकांची एक रांग होती आणि तिच्यावर लाटा फुटून पांढरा फेस उडत होता.

दोर ताणला, सैल झाला, पुन्हा ताणला. नांगर धरत नव्हता. तळाच्या रेतीतून तो घसरत होता आणि आम्ही त्याला ओढत खडकांकडं सरकत होतो.

वहिनींनी दिराला फोन लावला. तो बाजारात मासे उतरवत होता. निघतो म्हणाला, पण त्याला यायला बराच वेळ लागणार हे वहिनींच्या आवाजावरून कळलं. "काय नाय, ताई," त्या मला म्हणाल्या. "पंख्यातला जाळा कापला की झाला. नेहमीचाच आहे." दादानं शर्ट काढला आणि सुरी शोधायला लागला.

तेव्हा आय म्हणाली, "ही भ्याल्यात."

"कोण, आय?"

"ती मासरं. बग की."

डॉल्फिन पसरून चालले होते, ते आता एकत्र आले होते. अगदी एकमेकाला खेटून. श्वास घ्यायला वर यायचे ते भराभर, आणि दिशा बदलत होते. आधी बाहेर, मग किनाऱ्याकडं, मग पुन्हा बाहेर. मग सगळे आमच्याकडं वळले. बोटीपासून हातभर अंतरावर त्यांचे श्वास ऐकू यायला लागले, फुस्स, फुस्स, माणूस धापा टाकतो तसे. पिल्लू आणि त्याची आई बोटीच्या आणि नांगराच्या दोराच्या मध्ये येऊन थांबली. मी हात खाली केला असता तर पिल्लाच्या पाठीला लागला असता.

"मेंढरं अशी गोळा झाली की समजायचं, मागं काय तरी लागलंय," आय म्हणाली. ती उभी राहायला लागली. वहिनींनी तिला खांदा धरून खाली बसवलं.

लेकीनं पश्चिमेकडं बोट केलं.

पाण्यातून एक काळं पातं वर आलं. आधी टोक, मग आणखी, मग आणखी. ते वर येतच राहिलं, माणसाएवढं झालं, आणि मग त्याच्याखालची चकचकीत काळी पाठ दिसली. मोठा श्वास सुटला, एसटीच्या ब्रेकची हवा सुटते तसा, आणि तुषार वाऱ्यानं आमच्याकडं आले. माशाचा उग्र वास आला. त्याच्या मागं दुसरं पातं, लहान. बाजूला आणखी. ती घाईत नव्हती. सगळी एका ओळीत, मध्ये अंतर सोडून, आमच्याकडं येत होती.

"ऑर्का," लेक कुजबुजली.

"म्हंजी?"

"किलर व्हेल म्हणतात, आजी. डॉल्फिनची शिकार करतात."

दादा सुरी हातात घेऊन तसाच उभा राहिला होता. समुद्रावर इतकी वर्षं काढलेला माणूस; त्यानं ती जात पूर्वी एकदाच, लांबून पाहिली होती. वहिनींनी कधीच नाही.

मी खडकांकडं पाहिलं. फेस आता नुसता दिसत नव्हता, ऐकू येत होता.

दादानं दोरीचं टोक कमरेला बांधायला घेतलं. वहिनींनी त्याचा हात धरला. "तुमी जाव नकात."

"मगे काय बोट खडपार जावंक देऊ?" दादानं खडकांकडं मान केली.

लेक घाईघाईनं म्हणाली, "खुल्या समुद्रात ते माणसाला मारत नाहीत. मी वाचलंय. खरंच वाचलंय, काकी."

"तू वाचलंस, बाळा," वहिनी म्हणाल्या. "त्यांनी वाचलाय काय?"

कुणी हसलं नाही. दादानं एकदा बायकोकडं पाहिलं, दोरी तिच्या हातात दिली आणि बोटीच्या मागून, आवाज न करता, पाण्यात उतरला.

वहिनी एकट्यानं दोरी धरून मागच्या बाजूला वाकल्या होत्या. बोट लाटेवर वरखाली होत होती आणि त्यांचे पाय घसरत होते. आय फळीवरून सरकत मागं गेली. तिनं दोरी आपल्या कमरेमागून घेतली, पाय बोटीच्या कडेला रोवले आणि म्हणाली, "हां. आता सोड थोडी. मी हाय." मग मला, "बगत काय बसलीस? धर की!"

मी कड सोडली. त्या एका क्षणाची मला आजही आठवण येते, कारण माझ्या हातांना ती सोडायची नव्हती. मी जाऊन दोरी धरली.

दादा खाली होता तोवर दोरीतून त्याचे हिसके कळत होते. कापताना एक लय, मग थांबणं, मग तो वर यायचा, श्वास घ्यायचा, खाली जायचा. लेक पुढच्या बाजूला बसून ऑर्का कुठं आहेत हे सांगत होती. "डावीकडं दोन. मोठा दिसत नाही. मोठा कुठं गेला? आई, मोठा दिसत नाही!"

दिसत नाही हे शब्द मला सर्वांत वाईट वाटले.

मग तो दिसला. आमच्या खालून गेला. मी दोरी धरून खाली बघत होते आणि हिरव्या पाण्यात एक पांढरा डाग आला, मग काळं, मग पुन्हा पांढरं, आणि ते सरकतच राहिलं. तो बोटीएवढा लांब होता. दादा त्याच्या आणि बोटीच्या मध्ये, पंख्याला हात घालून, होता. दोरीतली हालचाल एकदम थांबली. दादानं त्याला पाहिलं होतं. आम्ही तिघी दोरी घट्ट धरून राहिलो. वहिनी पुटपुटत होत्या, देवाचं नाव नव्हतं ते, नवऱ्याला काहीतरी सांगत होत्या.

पाण्याखालचा मोठा जीव एका कुशीवर झाला. त्याचं पांढरं पोट आमच्याकडं आलं, मग तो पलीकडं निघून गेला.

दोरीला दोन जोराचे झटके आले. आम्ही ओढलं. दादा वर आला, बोटीच्या कडेला कोपर टाकून खोकत राहिला. त्याचा उजवा तळहात उघडा पडला होता. पंख्याच्या पात्यानं की सुरीनं, त्यालाही कळलं नव्हतं. रक्त त्याच्या मनगटावरून पाण्यात पडत होतं आणि गुलाबी होऊन पसरत होतं.

"वर या," मी म्हणाले. "दादा, आधी वर या."

"थोडा रवलाहा." थोडंच राहिलंय. आणि तो डाव्या हातात सुरी घेऊन परत खाली गेला.

आता पाण्यात रक्त होतं. माझ्या डोक्यात दुसरं काही येत नव्हतं. लेक म्हणाली, "वळले. सगळे वळले, इकडं येतायत." डॉल्फिन बोटीला इतके चिकटले की त्यांची अंगं खालून ठोकरायला लागली. आणि मग ते मोठं पातं आमच्या सरळ रेषेत आलं, पाणी दोन्ही बाजूंना कापत.

आयनं दोरी माझ्या आणि वहिनींच्या हातात दिली. खाली पडलेला पत्र्याचा डबा उचलला, बोटीतलं पाणी उपसायचा होता तो, आणि फळीवर आपटत ओरडायला लागली.

"हाऽऽड! हाऽऽड! ए हाऽऽड!"

हा आवाज मी लहानपणी ऐकला होता. माळावर लांडगा आला की आय असं ओरडायची आणि आमच्या अंगावर काटा यायचा. इतक्या वर्षांनी, त्या म्हातारीच्या छातीतून तो तसाच निघाला. लेक एकटक तिच्याकडं बघत राहिली. तिनं आजीला कधी ओरडताना ऐकलं नव्हतं.

ते पातं थांबलं नाही. अगदी जवळ येऊन खाली गेलं, आणि दुसऱ्या क्षणी बोटीच्या बाजूला, आयच्या समोर, एक भलं मोठं काळं डोकं उभं पाण्याबाहेर आलं. डोळ्यामागं पांढरा पट्टा. पाणी त्यावरून निथळत होतं. आयचा डबा हवेतच थांबला. ते डोकं तसंच काही वेळ उभं राहिलं. मग आवाज न करता सरळ खाली गेलं.

ओरडण्यानं ते गेलं असं मी म्हणणार नाही. त्याला हवं तेव्हा ते आलं, हवं तेव्हा गेलं.

दोरीला झटके आले. आम्ही ओढलं तेव्हा दादा निळ्या जाळ्याचा मोठा गुंता घेऊनच वर आला. त्याला बोटीत घेताना माझ्या तळहातांची सालं निघाली. वहिनींनी मशीन चालू केलं. ते एकदा खोकलं, मग धरलं. खडक इतके जवळ होते की त्यांच्यावर चिकटलेले शिंपले दिसत होते. नांगर वर घ्यायला वेळ नव्हता. वहिनींनी कोयत्यानं दोर तोडला.

मी लेकीची ओढणी घेऊन दादाचा हात आवळला आणि वर धरून ठेवला. जखम खोल होती, हाताचं एक बोट त्याला हलवता येत नव्हतं.

"थांब की जरा," आय वहिनींना म्हणाली. "जोरात गेलीस तर ही उगडी पडत्याल."

बाकीचे डॉल्फिन पांगले होते, पण बोटीच्या अंगाला पिल्लू, त्याची आई आणि आणखी एक डॉल्फिन अजून तसेच होते. वहिनींनी दादाच्या हाताकडं पाहिलं. माझ्याकडं पाहिलं. मी काय सांगणार? नर्स म्हणून मला एकच उत्तर ठाऊक होतं, लवकर किनारा गाठा. मी म्हणाले, "रक्त दाबून धरलंय मी. थोडं हळू चालेल." हे म्हणताना माझा आवाज माझा वाटत नव्हता.

वहिनींनी मशीन हळू केलं. खडकांना बाजूनं वळसा घालत आम्ही खाडीच्या तोंडाकडं निघालो आणि ते तिघे आमच्याबरोबर निघाले. आत पाणी उथळ होतं. तिथवर पोचलो तर वाचले, असं लेक म्हणत होती. आय पिल्लाकडं बघून "चल, चल, चल" करत होती, जीभ टाळूला लावून, कोकराला हाकतात तसं.

पोचत आलो होतो. उथळ पाण्याचा पोपटी रंग समोर दिसत होता. आणि तेव्हा दोन पाती आमच्या आणि त्या रंगाच्या मधोमध वर आली. ती आधीच पुढं जाऊन थांबली होती.

डॉल्फिन फुटले. एक उजवीकडं, दोन डावीकडं. पाठीमागं पाणी उसळलं, पांढरं झालं, शेपटीचा एक फटकारा ऐकू आला, आणि मग ते सगळं इतक्या लवकर शांत झालं की वारासुद्धा थांबल्यासारखा वाटला. बऱ्याच वेळानं खाडीच्या तोंडाशी दोन पाठी दिसल्या. एकीवर पांढरा ओरखडा होता. तिच्या अंगाला चिकटून काही नव्हतं.

लेक रडायला लागली. आयनं तिला जवळ घेतलं नाही. ती त्या दोन पाठींकडं, त्या दिसेनाशा होईपर्यंत, बघत राहिली.

दादाला गावातल्या दवाखान्यात टाके पडले. बोट हलवणारी एक शीर तुटली होती, ती जोडायला जिल्ह्याच्या ठिकाणी जावं लागणार होतं. तो परतीच्या वाटेवर एवढंच म्हणाला, "डोळो बघलंय मी त्याचो." मग थोड्या वेळानं मला समजेल अशा भाषेत, "खाली, माझ्या समोर. तो बघून गेला, ताई. नुसता बघून गेला."

त्या दुपारी आय जेवली नाही. वहिनींनी तांदळाची भाकरी आणि तिच्यासाठी मुद्दाम बिनमाशाची आमटी केली होती. आय ओसरीवर बसून राहिली. मी जवळ गेले तर म्हणाली, "आपल्या बोटीनंच त्येस्नी तकडं न्हेलं. त्या वाटंला."

"आपण वाचवायला नेलं, आय."

"व्हय. न्हेलं तर आपुनच."

मी तिचं ताट झाकून ठेवलं. संध्याकाळी वहिनी तिच्या शेजारी येऊन बसल्या. त्या नवऱ्याबद्दल बोलत होत्या, आय तिच्या मेंढरांबद्दल, आणि दोघींना एकमेकींची भाषा निम्मीच कळत होती. तरी दिवेलागणीला आय उठली आणि वहिनींबरोबर चुलीपाशी जाऊन भाकरी थापायला बसली. मग जेवलीसुद्धा.

सोलापूरला परतल्यावर नवऱ्याला आम्ही पहिल्या दिवशी काहीच सांगितलं नाही. तळहाताच्या पट्ट्या बघून त्यानं विचारलं तेव्हा लेकीनं सगळं सांगितलं. तो रागावेल असं वाटलं होतं. तो उठून गॅलरीत गेला आणि बराच वेळ आत आला नाही. आयला दुसऱ्या दिवशी भाऊ येऊन गावी घेऊन गेला.

मला वाटत होतं की मी ठीक आहे. चार-पाच दिवसांनी ड्यूटीवर, भर दुपारी, एका पेशंटला सलाईन लावत होते. साधं काम, डोळे मिटून करीन असं. पलीकडच्या खाटेजवळ कुणीतरी ऑक्सिजनची नळी सोडली आणि हवा जोरात सुटली. फुस्स. माझे हात थरथरायला लागले. सुई हातातून पडली. पेशंटची बायको घाबरून माझ्याकडं बघायला लागली. सोबतच्या नर्सनं मला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं, पण हात थांबेनात. पाण्याचा ग्लास धरता येईना.

वॉर्डाच्या बाहेर येऊन मी गावाकडं फोन लावला. भावानं आयला दिला. मागून मेंढरांचं ओरडणं ऐकू येत होतं.

"आय, मला आज काय झालं ठाऊक आहे का..." मी हात थरथरल्याचं सांगितलं आणि मध्येच थांबले. डोळे भरून आले होते.

आय मेंढरांपासून बाजूला आली असावी, मागचा आवाज कमी झाला. मग म्हणाली, "मला बी झालं."

"तुला?"

"काल मेंढरं तळ्यावर न्हेली. आपलं ह्ये गावचं तळं, गुडघाभर पानी. तर पाय उचलंना माझा. काठावरच हुबी ऱ्हायली. खालनं काय तरी जातंय असंच वाटाय लागलं."

एवढ्या वर्षांत आयच्या तोंडून भीतीचा शब्द मी ऐकला नव्हता. लांडग्याच्या वेळी नाही, बा गेला तेव्हा नाही, आणि त्या बोटीतही नाही.

"मग काय केलंस?"

"काय करनार? मेंढरं तान्हेली व्हती. गेले की त्येंच्यासंगं आत." तिनं फोन बाजूला धरून कुणाला तरी हाक मारली, मग परत कानाला लावला. "तू बी जा आता. तितं तुजं मानूस खोळंबलं असंल."

मी फोन ठेवला, हात धुतले आणि आत गेले. सुई दुसरी घेतली. हात अजून कापत होते, म्हणून थोडं थांबले, आणि मग त्या माणसाचा दंड धरला.